मुक्कामाचं ठाणं कुठे बांधावं?

प्रश्न : माइनक्राफ्टमध्ये लांब भटकायला निघालो की मी कुठेतरी मरतो आणि थेट सुरुवातीच्या जागी जिवंत होतो. सामान जातं, वाटही चुकते. वाटेत ठाणी बांधायची तर किती अंतरावर आणि कशी?

उत्तर : अंतर उजेडावर ठरवा. खेळातले दिवस-रात्र मिळून 20 मिनिटांचे. त्यात लख्ख ऊन जेमतेम 10 मिनिटं. चालण्याचा वेग सेकंदाला साधारण 4.3 ब्लॉक, म्हणजे सपाट रानात दिवसाला अडीच हजार ब्लॉक. पण डोंगर, नद्या आडव्या येतात आणि लोखंड दिसलं की पाय अडखळतात. म्हणून दर दीड हजार ब्लॉकवर एक ठाणं धरा.

हे दुसरं घर नव्हे, त्यामुळे बांधकामात दिवस घालवू नका. टेकडीच्या पोटात छोटी खोली खोदून दार लावा. आत बेड, चेस्ट, फर्नेस आणि एक मशाल. 2021च्या 1.18 आवृत्तीपासून राक्षस फक्त पूर्ण अंधारातच उपजतात, त्यामुळे एवढ्याशा खोलीला एक मशाल पुरते. बाहेर गवताच्या गठ्ठ्यावर शेकोटी पेटवा. तिचा धूर साध्या शेकोटीपेक्षा दुपटीहून उंच चढतो आणि परतताना खूण म्हणून दिसतो.

बहुतेकांचं चुकतं ते बेडपाशी. सकाळी उठून बेड उचलायचा आणि पुढे न्यायचा, ही काटकसर महागात पडते. बेड मोडला की पुनर्जन्माची ती जागाही रद्द होते आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला. तीन लोकरी आणि तीन फळ्यांत नवा बेड होतो. जुना तिथेच राहू द्या.

निघताना हिरे, जादूची पुस्तकं चेस्टमध्ये टाका. जे गेलं तरी हळहळ वाटणार नाही, तेवढंच अंगावर घ्या. तरीही मेलात, तर ठाण्याजवळ पडलेलं सामान आधी गोळा करा : जमिनीवरच्या वस्तू 5 मिनिटांत नाहीशा होतात. खूप दूर मेलात तर उलट घाई कमी, कारण तो भाग लोड झालेला नसताना घड्याळ थांबतं.

ठाणी वाढली की प्रत्येकाचे कोऑर्डिनेट्स वहीत लिहा आणि नेदरमधून रस्ता काढा. तिथला एक ब्लॉक वरच्या जगातल्या 8 ब्लॉकांइतका, म्हणजे दीड हजारांची वाट दोनशेच्या आत येते. मात्र नेदरमध्ये थकलात तरी बेडवर आडवे होऊ नका. तो फुटतो.