हिमालय : एक भिंत नव्हे, तीन रांगा

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या कुणाच्या सासूबाई बद्री-केदारला जाऊन आल्या असतील, कुणी जायचं म्हणून पैसे साठवत असेल. आपण सहज म्हणतो, "हिमालयात गेलो." पण हिमालय हा एकच डोंगर नाही. एकीमागे एक अशा तीन समांतर रांगा सिंधूपासून ब्रह्मपुत्रेच्या वळणापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर पसरल्या आहेत. तिघींचा स्वभाव वेगळा आहे.

पर्वत झाला कसा?

बैठकीत करून बघा. सतरंजी अंथरा, एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाकडून ढकला. सतरंजीला शेजारीशेजारी चुण्या पडतात. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी आशियाला अशीच धडकली. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ दबला, दुमडला आणि वर आला. म्हणून तर एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या खडकातसुद्धा समुद्रातल्या जिवांचे अवशेष सापडतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ मात्र थंड झालेल्या लाव्ह्याचा आहे.

हा रेटा अजून थांबलेला नाही. हिमालयात भूकंप होतात ते त्यामुळेच.

पहिली रांग : शिवालिक

हरिद्वारची मनसादेवीची टेकडी याच रांगेतली. उंची बहुतेक ठिकाणी ९०० ते १,१०० मीटर. ही सगळ्यात धाकटी. वरच्या डोंगरांतून नद्यांनी वाहून आणलेली माती, वाळू आणि गोटे यांचीच ती बनली आहे, म्हणून ठिसूळ. हिच्यामागे सपाट खोरी लागतात, त्यांना 'दून' म्हणतात. डेहराडून त्यातलंच.

दुसरी रांग : हिमाचल किंवा लघु हिमालय

उंची साधारण ३,७०० ते ४,५०० मीटर. मसुरी, नैनिताल, शिमला याच पट्ट्यात. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि बांज नावाच्या ओकची रानं. चारा, सरपण, पाणी आणायचं काम इथंही बायकांच्याच डोक्यावर. बांजाच्या रानात पालापाचोळ्याखाली पाणी मुरतं आणि खालचे झरे टिकतात.

तिसरी रांग : हिमाद्री

सरासरी उंची ६,००० मीटर. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर. इथल्या हिमनद्यांतून गंगा-यमुना निघतात, म्हणून उन्हाळ्यातही त्यांना पाणी असतं. बद्रीनाथ आणि केदारनाथ याच रांगेच्या कुशीत आहेत.

दरडी का कोसळतात?

रांगा जिथं एकमेकींना भिडतात तिथला खडक रेट्यानं चिरडलेला असतो. त्यात नदी पायथा कापते, वरून पाऊस कोसळतो. अशा उतारावर झाडांची मुळं माती धरून ठेवतात.

हे उत्तराखंडातल्या रैणी गावच्या बायकांना पुस्तकाशिवाय कळलं होतं. २६ मार्च १९७४ ला गावात पुरुष नव्हते आणि झाडं तोडायला माणसं आली. महिला मंगल दलाच्या गौरादेवी बायकांना घेऊन रानात गेल्या, झाडांना बिलगून उभ्या राहिल्या आणि तोड थांबवली. चिपको आंदोलनातला हा मोठा दिवस.

त्याच रैणीजवळ ७ फेब्रुवारी २०२१ ला वरच्या शिखराचा बर्फासह मोठा कडा तुटला. ऋषिगंगेला लोंढा आला, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. इतका मोठा कडा झाडं अडवू शकत नाहीत. म्हणून नुसतं रान राखून भागत नाही. नदीच्या पात्राजवळ काय बांधायचं आणि काय नाही, हेही गावानं विचारायला हवं.

यात्रेला जाणार असाल तर

जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा दरडींचा धोका जास्त. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे, तिथं हवा विरळ. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि वाटेत मुक्काम करत सावकाश चढा.

गटात बोला

१. तिन्ही रांगांची नावं खालून वर सांगा.
२. आपल्या गावच्या डोंगरावर कुठं माती सुटते? तिथं पूर्वी कोणती झाडं होती?
३. ओढ्याच्या काठावर नवं बांधकाम होत असेल, तर ग्रामसभेत आपण काय विचारू?