काळ्या पाषाणातील रत्ने

पुण्याहून पश्चिमेकडे निघाले म्हणजे पौडच्या पुढे मुळशीचे डोंगर दिसू लागतात. पावसाळ्यात ते हिरवेगार असतात. परंतु वैशाखात गवत वाळून गेले की त्यांचे मूळ स्वरूप प्रकट होते. एकावर एक पायऱ्या रचाव्यात, तसे काळ्या कातळाचे थर उघडे पडतात. ह्या रुक्ष पाषाणाच्या पोटी रत्न असेल, अशी शंकाही कोणास येणार नाही. रत्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सराफाची मखमली पेटी उभी राहते. पण सराफ रत्न विकतो आणि कारागीर त्यास पैलू पाडतो. दोघांपैकी कोणीही ते निर्माण करीत नाही. ते भूमीच्या उदरात निर्माण होते, आणि तेथेही वाटेल त्या ठिकाणी होत नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या प्रदेशात भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या व त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. एक लोट थिजावा, त्यावरून दुसरा यावा, असे पुष्कळ काळ चालले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी ह्या खडकाने व्यापलेली आहे. त्यास बेसाल्ट म्हणतात. मुळशीचे डोंगर, सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी ही सारी त्याचीच.

शिलारसात वायू कोंडलेले होते. आंबवलेल्या पिठाच्या धिरड्याला तव्यावर जशी जाळी पडते, तशाच पोकळ्या थिजणाऱ्या खडकात राहिल्या. काही मोहरीएवढ्या, तर काही एखादा माणूस आत बसू शकेल एवढ्या. पुढे त्यांत पाणी झिरपू लागले. वाटेतील खडकांतून विरघळवून आणलेली द्रव्ये ते पोकळीच्या भिंतीवर सोडी. त्यांतील सिलिका नावाचे द्रव्य थरावर थर साचून जो दगड होतो, तो अकीक. अकीक मधोमध कापला की कापलेल्या कांद्यासारखी वलये दिसतात. एकेक वलय म्हणजे साचलेला एकेक थर होय. आत जागा उरली, तर भिंतीपासून मध्याकडे गारगोटीचे पारदर्शक, टोकदार स्फटिक वाढतात. त्यांत लोहाचा अत्यल्प अंश असला आणि आसपासच्या खडकांतील किरणोत्साराचा परिणाम झाला, म्हणजे स्फटिक जांभळा होतो. तोच दागिन्यांतील ॲमेथिस्ट. स्फटिकाला वाढण्यास मोकळी जागा लागते. म्हणूनच घट्ट, भरीव कातळाकडून त्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मुळशीच्या उत्तरेस मावळ आहे. तेथील भोर घाटातून काढलेला लोहमार्ग १८६३ साली पूर्ण झाला. त्यासाठी सुरुंग लावताना खडकाच्या पोकळ्यांतून झिओलाइट जातीचे सुंदर स्फटिक बाहेर पडले. त्यांतील काही नमुने विलायतेच्या संग्रहालयांतही पोहोचले. पुण्याच्या पूर्वेस वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचे गडद निळे खनिज मिळाले. त्याचे जगातील उत्कृष्ट नमुने वाघोलीचेच मानले जातात. ज्या दगडाची रस्त्यासाठी खडी व्हायची, त्याच्याच पोटात हे धन होते! किती पोकळ्या खडीबरोबर चुरडल्या गेल्या असतील, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

मग ह्या निळ्या स्फटिकाच्या अंगठ्या सर्वत्र का दिसत नाहीत? सौंदर्य हा रत्नाचा एक गुण. टिकाऊपणा हा दुसरा. १८१२ साली फ्रीड्रिख मोस ह्या शास्त्रज्ञाने खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी लावली. तीत हिरा १०, गारगोटी ७. आपल्या घरातील धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. त्यामुळे ७ हून कमी कठीण असलेला खडा रोजच्या पुसण्यानेच ओरखडतो. कॅव्हन्साइट आणि झिओलाइट ह्या परीक्षेत मागे पडतात. अकीक तीत टिकतो.

अकीकाचा हा गुण महाराष्ट्रातील माणसाने फार पूर्वी ओळखला होता. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केले. तेथील सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी वसलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत अकीकाचे व तांबड्या कार्नेलियनचे मणी सापडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोच बंदराकडे असे पट्टेदार दगड गाड्यांतून जात असल्याचा उल्लेख आहे.

मात्र सर्व रत्ने अशा पोकळ्यांत होत नाहीत. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपे. क्रोमियमचा किंचित अंश मिसळला की माणिक. लोह व टायटेनियम मिसळले की निळा नीलम. ब्रह्मदेशातील मोगोक येथे माणिक संगमरवरात मिळते, तर श्रीलंकेत नीलम नद्यांच्या गाळात. मोती आणि पोवळे तर पाषाणच नव्हेत. ती सागरातील जीवांची निर्मिती.

हिऱ्याची जन्मभूमी त्याहून दूर, भूपृष्ठाखाली सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहूनही खोल आहे. तेथून ज्वालामुखीच्या नळांवाटे तो वर येतो, आणि खडक झिजल्यावर नद्या त्यास गाळात नेऊन टाकतात. प्रसिद्ध ‘गोवळकोंड्याचे हिरे’ गोवळकोंड्यात निघत नसत. ती बाजारपेठ होती. मोठी खाण होती आंध्रात कृष्णेच्या काठी, कोल्लूर येथे. मुळशीच्या तलावातील पुष्कळसे पाणी विजेसाठी घाटाखाली भिऱ्याकडे नेले जाते. परंतु मुळेचे जे पाणी पूर्वेस वाहते, ते मुठेला, भीमेला व शेवटी कृष्णेला मिळून त्याच कोल्लूरवरून जाते. ते हिरे मात्र सह्याद्रीने दिलेले नव्हेत. ते पूर्वेकडील अतिप्राचीन खडकांचे. ती खाण आज पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली आहे.

सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या कोल्लूरला आला होता. तेथे सुमारे ६०,००० माणसे राबत असल्याचे त्याने लिहिले आहे. पुरुष खणीत आणि स्त्रिया व मुले माती वाहून नेत.

अकीकाची कथाही ह्याहून फार निराळी नाही. नर्मदेकाठच्या रतनपूर भागात बेसाल्टातूनच सुटलेले अकीकाचे गोटे निघतात. ते गुजरातेत खंबायतला जातात. तेथे ते उन्हात वाळवून मंद आचेवर भाजले म्हणजे आतील लोहामुळे तांबडे होतात. मग त्यांना घासून आकार देतात. घासताना सिलिकेची बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन तेथेच रुतते. त्यातून सिलिकोसिस हा रोग जडतो, आणि रुतलेली धूळ काढणारे औषध नाही. काम घरोघर चालत असल्याने न घासणाऱ्यांच्या, म्हणजे घरातल्या बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही, छातीत ती जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ह्या कारागिरांची तपासणी केली आहे. घासण्याच्या चाकाजवळच धूळ ओढून घेणारे यंत्र बसविले, तर हवा पुष्कळ स्वच्छ राहते. परंतु यंत्राला पैसा लागतो, वीज लागते. आणि एक मणी घासल्याबद्दल कारागिराच्या हाती पडणारी मजुरी फारच थोडी असते.