रुजवात आणि पाहणी

सातारा

चि. बाळास,

चाचणीच्या अहवालात 'व्हेरिफाय' लिहावयाचे तेथे 'व्हॅलिडेट' लिहिल्यावरून वरिष्ठांनी तुझी कानउघाडणी केली, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ 'तपासणे' असाच असताना एवढा गहजब कशासाठी, असे तू त्राग्याने लिहिले आहेस. वरिष्ठांचा सूर कठोर असेल. मुद्दा मात्र खरा आहे.

पहिल्या क्रियापदाच्या मुळाशी लॅटिनमधील सत्यवाचक शब्द आहे, दुसऱ्याच्या मुळाशी सामर्थ्यवाचक. ठरल्याबरहुकूम वस्तू उतरली की नाही हे ताडून पाहणे, हे व्हेरिफाय. आणि ज्याच्यासाठी ती घडविली त्याच्या प्रयोजनास ती पुरी पडते की नाही याची प्रचीती घेणे, हे व्हॅलिडेट. बॅरी बोएम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने हा भेद दोन प्रश्नांत मांडला: वस्तू आपण नीट घडवीत आहोत काय, आणि मुळात हवी तीच वस्तू घडवीत आहोत काय?

माझी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे मला हे फार परके वाटत नाही. तलाठ्याच्या दप्तरातील आकड्यांची रुजवात, म्हणजे ताळमेळ, कचेरीत बसून घालता येते. परंतु ज्या गटात उसाची नोंद आहे तेथे ऊस उभा आहे की बाभळी माजल्या आहेत, हे कळण्यास बांधावरच जावे लागते. गाव नमुना बाराची बेरीज चोख, आणि शेत पडीक, अशी प्रकरणे मी हाताळली आहेत. तू काम करतोस ती बंगळूरची इलेक्ट्रॉनिक सिटी ज्या कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर केऑनिक्स या कर्नाटकाच्या सरकारी कंपनीने वसविली, तेथील शानभोगांना, म्हणजे आपल्याकडील कुलकर्ण्यांना, हा भेद कोणी शिकवावा लागला नसता.

कागद जुळला म्हणून निर्धास्त राहिल्यास काय ओढवते, हे ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात दिसले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावली एरियान-४ वरून जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती, आणि तेथे ती निर्दोष चालली होती. नव्या बाणाचा क्षितिजसमांतर वेग मात्र आरंभीच अधिक असल्यामुळे, ६४ बिटांतील एक मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात मावेना. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणांत आज्ञावली एकच, त्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या, आणि सुमारे ४० सेकंदांत बाणाच्या ठिकऱ्या उडाल्या. ज्या गणनेत हा घोळ झाला, तिची एरियान-५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती! चौकशी समितीने नमूद केले की नव्या बाणाच्या मार्गाची आकडेवारी देऊन त्या यंत्रणेची चाचणी झालीच नव्हती. जुन्या कराराबरहुकूम ती होती. नव्या कामास योग्य आहे काय, हे कोणी पाहिले नाही.

तू केलेस ते रुजवातीचे काम, आणि ते हलके मुळीच नव्हे. नावच तेवढे चुकले. तुझी प्रणाली रुग्णालयासाठी आहे ना? मग रात्रपाळीच्या परिचारिकेने ती स्वतःच्या हाताने, तिच्या नेहमीच्या घाईत चालवून पाहीपर्यंत 'व्हॅलिडेट' हा शब्द अहवालात घालू नकोस. तिला ती चालवू देण्याची परवानगी वरिष्ठांकडे लेखी माग, आणि तोवर अहवालातील तो शब्द दुरुस्त करून मुकाट्याने परत पाठव.

तुझा,
काका