यंत्रमानवाचे सुटे बंपर : जोडणीची तत्त्वे

अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेने १९९२ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा सुरू केली. मुंबईतील विद्यार्थ्यांचे संघही तीत उतरले आहेत. या स्पर्धेत तीन संघ तांबड्या आणि तीन निळ्या बाजूने खेळतात. सुमारे पन्नास किलो वजनाची यंत्रे वेगाने एकमेकांवर आदळतात. हा आघात सोसण्यासाठी त्यांच्याभोवती बंपर बसविलेले असतात.

दीर्घकाळ रूढ असलेल्या रचनेत १९ मिलिमीटर जाडीची व १२७ मिलिमीटर उंचीची प्लायवूडची फळी, तिच्यावर फोमच्या दोन गोल नळ्या आणि त्यांवर ताणून बसविलेले जाड कापड, असे तीन घटक असतात. सामन्यागणिक बाजू, आणि तिच्याबरोबर बंपरचा रंग बदलतो. शिवाय वजन-तपासणी व दुरुस्ती यांसाठीही बंपर झटपट काढता आले पाहिजेत. मात्र ते आघाताने सुटताही कामा नयेत. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे, हीच येथील खरी परीक्षा होय.

पहिले तत्त्व असे की, आघात सांगाड्याने सोसावा, बोल्टाने नव्हे. त्यासाठी फळीची पाठ सांगाड्याला सपाट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यास फळी वाकते व तडकते.

दुसरे तत्त्व वजनाचे. फळीच्या पाठीवर काटकोनी पट्ट्या अशा जोडाव्यात की, त्या सांगाड्याच्या वरच्या कडेवर टेकतील. मग बंपरचा भार पट्ट्या पेलतात आणि बोल्टाकडे केवळ बंपर उचलला जाऊ न देण्याचे काम उरते. त्यामुळे थोडे बोल्ट पुरतात व बंपर लवकर निघतो.

पट्ट्यांसाठी केवळ लाकडी स्क्रू वापरू नयेत. धक्क्यांनी ते उपटून येतात. आरपार बोल्ट घ्यावेत. हे काम फोम व कापड चढविण्यापूर्वीच उरकावे. नंतर तेथे हात पोहोचत नाही. भोके नकाशावरून न पाडता, फळी प्रत्यक्ष सांगाड्याला आवळून धरून पाडावीत. प्रत्येक बाजूच्या बंपरवर खूण करावी. हादऱ्याने नट सैल होतात, म्हणून प्रत्येक सामन्यापूर्वी ते तपासावेत.

सामन्यात बंपर निखळला, तर यंत्रमानव थांबविला जाण्याची वेळ येऊ शकते आणि सहकारी संघांनाही त्याची झळ पोहोचते. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी वाचावी. मग घड्याळ लावून बंपर काढण्या-घालण्याची तालीम करावी. कित्येक महिन्यांचे श्रम अशा एका बोल्टावर अवलंबून असतात, याचे भान विद्यार्थ्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.