कढीपत्त्यावरच्या अळ्या

प्रश्न : कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत. औषध फवारू का?

उत्तर : कृपया फवारू नका. या बहुधा कॉमन मॉर्मन किंवा लिंबू फुलपाखराच्या अळ्या असाव्यात. तो किळसवाणा रंग त्यांना पक्ष्यांपासून वाचवतो. शेवटची कात टाकली की त्या हिरव्यागार होतात. तेव्हा काडीने हलकेच स्पर्श करून पाहा : डोक्यामागून लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. कोष झाल्यावर साधारण दहा-बारा दिवस पहाटे लक्ष ठेवा, फुलपाखरू बहुतेकदा सकाळीच बाहेर पडते. झाड मोठे असेल तर पाने पुन्हा फुटतील. रोप अगदीच लहान असेल, तर काही अळ्या लिंबाच्या झाडावर हलवा. जास्वंदीवर मात्र ठेवू नका, तिथे त्या उपाशी मरतील.