वर्षावासातले घर-अंगण : डास, विंचू आणि साप

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारांतून संध्याकाळचे ग्रंथवाचन सुरू होते. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे, या नियमामागचे कारण अगदी साधे आहे. या दिवसांत वाटेवर कोवळी रोपे उगवतात, लहान जीव बाहेर पडतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली येतात. हेच जीव आपल्या अंगणातही येतात. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर आपण डास, विंचू आणि साप यांचा विचार करू.

सोलापूरचा पाऊस कमी. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही जोर सप्टेंबरात. त्यामुळे श्रावण संपला म्हणजे धोका संपला, असे आपल्याकडे होत नाही. खरी काळजी अश्विन पौर्णिमेपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे घ्यावी लागते.

साठवलेले पाणी आणि डेंग्यूचा डास

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपल्या घरोघरी बॅरल, हौद आणि रांजण भरलेले असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. तो दिवसा चावतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात.

पण नुसते पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. नवे पाणी भरले की त्यातून पुन्हा अळ्या निघतात. म्हणून बॅरल आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा, उन्हात वाळवा, मगच भरा आणि वर जुन्या सुती कापडाचा तुकडा घट्ट बांधा. मोठा हौद रिकामा करणे शक्य नसेल तर आरोग्य कर्मचाऱ्यांकडे गप्पी मासे मागा.

ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला की आपण निर्धास्त होतो, पण डेंग्यूत तेच दिवस नाजूक असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परसबाग ठेवा, अडगळ नको

दारात चार कुंड्या असल्या तर पालक, मेथी, पुदिना घरचा मिळतो. शेवग्याची फांदी पावसाळ्यात सहज जगते आणि तिच्या पाल्याची भाजी बाळंतिणीला व मुलांना चांगली. मात्र कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका. टायरमध्ये रोप लावले असेल तर टायरला खालून भोके पाडा. झाडांवर मावा पडला तर विषारी औषध आणण्याआधी निंबोळी अर्क वापरा. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा.

सरपण, विटा, गोवऱ्या आणि कडबा घराच्या भिंतीला लागून रचू नका. तिथे विंचू लपतो, उंदीर बीळ करतो आणि उंदरामागे साप येतो. धान्याची कोठी झाकलेली आणि उष्टे-खरकटे लांब असेल तर उंदीर कमी होतील आणि सापही. धामण उंदीर खाते, ती बिनविषारी आहे, तिला मारू नका. साप पकडणे आणि मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे.

विंचू चावला तर

लाल विंचवाचे विष लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करते. खूप घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची लक्षणे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले. त्यामुळे विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उतारा आहे, पण तो मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात आहे.

साप चावला तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चौघांवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, फारसे दुखत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. खाटेवर, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोवून झोपलो तर डास आणि मण्यार दोघांपासून बचाव होतो.

मंत्राने विष उतरले, असे लोक सांगतात. त्याचे कारण असे, की बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे काही न करताही वाचली असती. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, त्याचा मात्र देवळात बसून गेलेला तास परत मिळत नाही.

चावल्यावर दोरी घट्ट आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, रोग्याला चालवू नका. १०८ ला फोन करा. मोटारसायकलवरून न्यावे लागले तर रोग्याला दोघांच्या मध्ये बसवा. शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा.

रानात खुरपायला, तूर-सोयाबीन काढायला आपल्याच आयाबहिणी जातात. त्यांच्या पायात बूट आणि पहाटे-रात्री हातात बॅटरी असलीच पाहिजे. मालकाकडे ती मागायला संकोच करू नये.

येत्या रविवारी वाचन झाल्यावर विहारात दहा मिनिटे आणखी बसू. वस्तीत रात्री कोणाची गाडी मिळेल, जवळचे प्रतिविष कोणत्या रुग्णालयात आहे, कोणाचा फोन रात्रभर चालू असतो, हे ठरवू आणि फळ्यावर लिहून ठेवू.