शिशूंचा आत्मसंयम : मापन कसे आणि कशासाठी?

बालकाचे वजन काट्यावर घेता येते, उंची पट्टीने मोजता येते. परंतु आवडती वस्तू समोर असताना थांबण्याची, सांगितलेले लक्षात ठेवण्याची आणि एक मार्ग फसल्यास दुसरा शोधण्याची त्याची शक्ती कशी मोजावयाची? या शक्तींचा पाया एक ते तीन वर्षे या वयात घातला जातो. त्यांचे नियंत्रण करणाऱ्या, कपाळामागील मेंदूच्या भागाची वाढ मात्र विशीनंतरही चालू राहते. म्हणूनच या वयातील मापन हा बालकाच्या भवितव्याचा निवाडा नव्हे. ती वाढीच्या एका टप्प्याची नोंद होय.

दादरची परंपरा

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत अग्रभागी असलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. मॉन्टेसरी पद्धतीत रेषेवरून तोल सांभाळून चालणे, सर्वांनी मिळून शांतता राखणे यांसारख्या खेळांतून बालक स्वतःवर ताबा मिळविण्यास शिकते. शिक्षिकेचे प्रमुख साधन असते निरीक्षण. मापनाची सुरुवातही तेथूनच होते.

भारतीय मापनश्रेणी

डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोदे येथे भारतीय बालकांच्या अभ्यासावरून अडीच वर्षांपर्यंतच्या वयासाठी विकासमापनश्रेणी सिद्ध केली. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात हालचालींच्या विकासाच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. स्मृती, अनुकरण, भाषा आणि वस्तूंमधील संबंधांचे आकलन यांचा विचार त्यांत केलेला आहे. परदेशातील सरासरीऐवजी आपल्याकडील बालकांशी तुलना करता येणे, हे या श्रेणीचे महत्त्व.

खेळातून दिसणारा संयम

साध्या कृतींतूनही पुष्कळ कळते. खेळणे एका फडक्याखाली काही वेळा लपवून, नंतर बालकाच्या देखत दुसऱ्या फडक्याखाली ठेवले, तर आठ-दहा महिन्यांचे मूल पुष्कळदा पहिल्याच जागी शोधते. वर्षाच्या सुमारास ही चूक कमी होऊ लागते. जुन्या सवयीला आवर घालून नवी गोष्ट लक्षात ठेवणे त्याला जमू लागलेले असते. पुढे ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र’ हा घरोघरचा खेळ उपयोगी पडतो. ‘म्हैस भुर्र’ म्हणताच लहान मूल सर्वांबरोबर हात उचलते. थोडे मोठे झाल्यावर तेच मूल हात रोखून हसते. आरती होईपर्यंत नैवेद्याच्या लाडवाला हात न लावणे, हीदेखील एक कसोटीच.

एका चाचणीची मर्यादा

अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी बालकांपुढे खाऊ ठेवून, थांबल्यास अधिक देण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. २०१३ मधील एका प्रयोगात असे आढळले की, ज्यांना दिलेला शब्द आधी मोडला गेला होता, त्या मुलांनी फार कमी वेळ वाट पाहिली. २०१८ मधील मोठ्या अभ्यासात कौटुंबिक परिस्थिती विचारात घेतल्यावर अशा संयमाचा पुढील यशाशी दिसणारा संबंध बराच क्षीण ठरला. याचा अर्थ, न थांबणारे मूल हट्टीच असते असे नाही. त्याचा अनुभवच त्याला न थांबण्यास शिकवीत असेल.

लालबाग-परळ किंवा गिरगावच्या चाळीतील एका खोलीत वाढणारे मूल अनोळखी दालनात, अपरिचित भाषेत विचारलेल्या प्रश्नापुढे गप्प बसू शकते. भुकेले वा झोपाळू मूलही कमी गुण मिळविते. त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का बसणे जितके घातक, तितकेच खरा विलंब ‘होईल मोठा झाल्यावर’ म्हणून दुर्लक्षिला जाणेही घातक. यासाठी परिचित ठिकाणी, मायबोलीत, आईच्या सान्निध्यात आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा निरीक्षण करणे आवश्यक ठरते.

पालक व अंगणवाडी

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीत वजनाच्या नोंदीची शिस्त रुजविली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाचीही तपासणी होते. शंका आल्यास वेळीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परळ येथे बालकांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे.

घरी मात्र चाचणीपेक्षा सराव महत्त्वाचा. गोष्टी सांगाव्यात, पाळीपाळीने खेळावे, आणि ‘थांब, देते’ म्हटल्यावर खरोखरच द्यावे. मोठ्यांनी शब्द पाळला, तर थांबण्यात अर्थ आहे हे बालकास उमगते.